बाटलीतली थंडी

सौंसरात थंडी कोणत्या दिवशी पडायची, हे त्या काळी एक माणूस ठरवत असे, आणि त्या माणसाच्या घरात मी पाच वर्षं भाड्यानं राहिले. मी मूळची पांढुर्ण्याची. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि खोली शोधत मी त्यांच्या घरापुढच्या छपरीत जाऊन उभी राहिले. भाडं किती, पाणी कुठून आणायचं, हे सगळं त्यांच्या बायकोनं सांगितलं. काकाजींनी एकच अट घातली. "मी सांगतल्याबिगर रजाई काढाची नाही."

जुलै महिना होता आणि मी घामानं भिजले होते. मी आनंदानं हो म्हटलं.

काकाजी तहसील कचेरीतून जमादार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना कचेरीच्या आवारातलं पाऊस मोजायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. रोज सकाळी साडेआठला झाकण काढायचं, आतलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला लावायचा आणि आकडा रजिस्टरात चढवायचा. सत्तावीस वर्षं त्यांनी हे केलं. कचेरीत त्यांना दुसरं काही कुणी विचारलं नाही. चहा आणा, फाइल न्या, साहेब आले का बघा, एवढंच. पण साडेआठच्या त्या पाच मिनिटांत ते सौंसर तालुक्याच्या आभाळाचे मालक असत. निवृत्त झाले आणि यंत्र दुसऱ्याकडे गेलं. काकू सांगत की पहिल्या पावसाळ्यात ते रोज सकाळी साडेआठला अंगणात जाऊन नुसतेच उभे राहत.

मग त्यांच्या ध्यानात आलं की कचेरी पाऊस मोजते, पण थंडी कुणीच मोजत नाही. एवढी मोठी गोष्ट, चार महिने गावात येऊन राहते आणि तिची कुठं नोंद नाही. "पाऊस सरकारचा असते, मॅडम," ते मला म्हणाले. "थंडी आपली."

मोजायचं साधन त्यांनी घरातच शोधलं. कोनाड्यात खोबरेल तेलाची बाटली असे. कुठल्याशा जुन्या टॉनिकची, जाड हिरव्या काचेची. रोज सकाळी साडेआठला काकाजी ती बाटली हातात घेत, डोळ्यासमोर धरत आणि हळूच उलटी करत. तेल हललं तर थंडी नाही. नुसतं गढूळ झालं, कडेला जमलं, तरी नाही. बाटली पूर्ण उलटी करून तेल जागचं हललं नाही, तर थंडी पडली. मग कानामागची पेन्सिल काढून कोनाड्याच्या बाजूच्या भिंतीवर नोंद व्हायची. भिंतीवर कचेरीच्या रजिस्टरासारखे तीन रकाने आखलेले होते: साल, तारीख आणि शेरा. शेऱ्याचा रकाना कायम कोरा. का, म्हणून मी एकदा विचारलं. कारण सांगणं हे वरच्या साहेबांचं काम, आपलं काम मोजण्याचं, असं त्यांनी मला समजावलं. नोकरी सुटली होती, पण वरचे साहेब काही सुटले नव्हते.

मापाचं तेल आणि डोक्याला लावायचं तेल एकच होतं, हे इथंच सांगून ठेवते. प्रयोगासाठी वेगळी बाटली भरून ठेवायला काकू तयार नव्हत्या. तेल काय बघायला असतं का, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सकाळी साडेआठला जी बाटली विज्ञानाची असे, ती नऊ वाजता वेणीफणीची होई. संपत आली की काकू आठवडी बाजारातून तेल आणून ती भरत. काकाजींचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. कचेरीतही पाऊस ते पाडत नव्हते, नुसता मोजत होते.

मी राहायला गेले तेव्हा भिंतीवर चार थंड्या जमा होत्या. पहिली दिवाळीच्या पाडव्याची, दुसरी तिच्यानंतर आठ-दहा दिवसांची, तिसरी आणखी पुढची, आणि चौथी तर थेट डिसेंबरात गेलेली. या चार ओळींवरून काकाजींनी सिद्धांत काढला होता की थंडी माघार घेते आहे. दरसाल आठ-पंधरा दिवसांनी ती मागे सरकते, म्हणजे आणखी काही वर्षांनी संक्रांतीला पडेल, मग होळीला, आणि होळीला पडणाऱ्या थंडीला थंडी कोण म्हणणार? "नव्वद सालच्या पुढं सौंसरात थंडी राहत नाही," असं ते छपरीत बसून सांगत आणि ऐकणारे घाबरत. बाजारात स्वेटर विकायला आलेल्या एका तिबेटी बाईला तर त्यांनी फार कळवळून सांगितलं होतं की बाई, हा धंदा आता सोड, हातपंखे विकत जा. ती हसली आणि तिनं त्यांनाच एक माकडटोपी विकली.

ती टोपी, दोन स्वेटर आणि घरातल्या सगळ्या रजाया एका टिनाच्या पेटीत असत आणि पेटीची किल्ली काकाजींच्या जानव्याला. तेल गोठेपर्यंत पेटी उघडायची नाही. माझ्या पहिल्या डिसेंबरात मी अंगावर तीन साड्या घेऊन झोपले आहे. एकदा न राहवून शाळेतला थर्मामीटर घरी आणला आणि साडेआठला त्यांच्यासमोर धरला. पारा चांगलाच खाली होता. काकाजींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, पारा काय आपल्या सौंसरात पिकतो का, त्याला इथली थंडी काय कळणार? नारळही सौंसरात पिकत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण भाडेकरूनं कुठं थांबायचं हे मला तोवर कळलं होतं.

मग मी अंगावरच्या काट्याचा दाखला दिला. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं आणि ते मी जन्मात विसरणार नाही. "अंगावर भरवसा नोका ठेवू, मॅडम. अंग त तापातबी कुडकुडते."

आता हे सगळं हसून सोडून देण्यासारखं होतं, पण सौंसर म्हणजे संत्र्याचा मुलूख. संत्र्याच्या झाडाला फूल यायचं तर आधी त्याचा जीव कासावीस करावा लागतो. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन गळू द्यायची, याला ताण देणं म्हणतात. ताण बसला की मग खत-पाणी द्यायचं, आणि घाबरलेलं झाड फुलांनी लदबदून जातं. उन्हाळ्यात ताण देऊन पावसावर फुलवतात तो मृग बहार, आणि हिवाळ्यात ताण देऊन संक्रांतीनंतर फुलवतात तो आंबिया. आंबियाला थंडी लागते. थंडी नसली तर ताण नीट बसत नाही आणि झाड उगीच वाळतं. त्यामुळे बागवाल्यांना दरसाल एकच कोडं पडे: यंदा थंडी आहे की नाही? आणि थंडीची नोंद असलेली भिंत सगळ्या तालुक्यात एकच होती.

सुरुवातीला एक जण आला, मग त्याचा साडू आला. मी राहायला गेले तोवर सकाळी साडेआठला छपरीत पाच-सहा बागवाले बसलेले असत. काकू चहा करत. काकाजी बाटली उलटी करत आणि निकाल सांगत. ज्यांना सत्तावीस वर्षं कुणी बस म्हटलं नव्हतं, त्यांच्यासमोर बागांचे मालक खाली बसून विचारत, काकाजी, पाणी तोडू का? तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येई, ते मी नंतर कुठल्याही साहेबाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मात्र गोष्ट घरातच आली. काकूंच्या भावानं बोरगावला त्यांना माहेरची दोन एकर जमीन दिली होती. मुरमाड जमीन, पण विहीर बारमाही. काकूंनी तिथं संत्र्याची कलमं लावली होती. स्वतःच्या हातानं, खड्ड्यात माती सारून. आठवड्यातून तीनदा बसनं जाऊन त्या बाग बघून येत. झाडं आता आठ वर्षांची झाली होती आणि बागेत अजून फळ नव्हतं. त्याआधीच्या साली मृग धरून पाहिला, तर पावसानं दगा दिला. काकूंना मूलबाळ नव्हतं. ते झाडांशी जोडून बोलायला बोरगावात जिभा कमी नव्हत्या. त्यांच्या भावजयीनं तर विहिरीवर, चार बायकांत म्हटलं होतं, की मालकिणीचा गुण झाडाले लागला. काकूंनी हे मला एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता, आणि नंतर बराच वेळ निवडलेलीच भाजी निवडत बसल्या.

त्या वर्षी त्यांना आंबिया धरायचा होता. या हिवाळ्यात झाडांना फूल आलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्यांना जगाकडून हवी होती. डिसेंबर लागला तसं त्यांनी नवऱ्याला विचारलं, पाणी तोडायचं का. काकाजींनी बाटली उलटी केली. तेल खळखळून खाली आलं.

"नोको तोडू. थंडी नाही त ताण बसत नाही."

आणि नेमकी त्या साली अशी थंडी पडली की सकाळी विहिरींवर वाफ दिसायची. शाळेत पोरं हात काखेत घालून प्रार्थना म्हणत. बागवाले घोंगड्या पांघरून छपरीत येत, त्यांच्या तोंडातून धूर निघे आणि काकाजी बनियन आणि धोतरावर, ओठ निळे पडलेले, दातावर दात वाजत असलेले, बाटली उलटी करून सांगत की थंडी अजून पडली नाही. पेटी त्यांनी स्वतःसाठीही उघडली नाही. एवढं इमान मी फार थोड्या शास्त्रज्ञांत ऐकलं आहे. एके दिवशी कानाला मफलर गुंडाळलेल्या एका बागवाल्यानं भीत भीत विचारलं, "मंग हे काय होय, काकाजी?"

"हे वारं होय."

आणि तो माणूस समाधानानं घरी गेला, संत्र्याला पाणी द्यायला.

डिसेंबर अर्धा सरला. एका रविवारी सकाळी काकू मागच्या अंगणात माझ्या डोक्याला तेल लावत होत्या. उन्हात तेलाचा वास वर आला आणि मी सहज म्हटलं, काकू, संक्रांत आल्यासारखं वाटतं, तेलाला तिळाचा वास येतो आहे. माझ्या केसांतला त्यांचा हात थांबला. मग त्या अगदी हळू बोलल्या.

"पहिल्या साली चमचाभरच टाकलं होतं, पोरी. थंडीत तेल बाटलीतून निंघेच ना. रोज सकाळी चुलीपाशी नेऊन पातळ करा, कोन करन? तिळाचं टाकलं की गोठत नाही, हे त माही मायबी करे."

पुढचं मी विचारून विचारून काढलं. चमचाभर टाकलं त्या साली तेल आठ-दहा दिवस उशिरा गोठलं. काकाजींना केवढा आनंद झाला. थंडी सरकली म्हणून ते गल्लीभर सांगत फिरले. काकूंना वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला बोला. पुढच्या साली तेल तरीही गोठलंच, म्हणून त्यांनी दोन चमचे टाकले. मग तीन. यंदा तर अर्धी बाटलीच तिळाची होती. हिरव्या काचेत रंग कळत नव्हता. सौंसरची थंडी अशी चमच्याचमच्यानं मागे हटली होती, आणि त्या थंडीच्या भरवशावर पाच-सहा बागा, त्यांत काकूंची स्वतःची, हिवाळाभर पाणी पीत हिरव्यागार उभ्या होत्या.

मी म्हटलं, आजच्या आज सांगून टाका. काकूंनी माझी वेणी पूर्ण घातली, गाठ मारली आणि मग म्हणाल्या, "सांगतलं त बाग हाती लागन. पन हा मानूस हातचा जाईन." छपरीतून तेव्हा काकाजींचा आवाज येत होता, कुणाला तरी ते पुढच्या दहा हिवाळ्यांचं भविष्य सांगत होते, थडथडत.

तीन दिवस काकू रोज बोरगावला गेल्या, झाडांकडे बघून आल्या. मुरमाड जमिनीत ताण बसायला महिना तरी लागतो, आणि तो महिना हातातून चालला होता. मला त्यांची काळजी वाटत होती आणि खरं सांगायचं तर काकाजींचा रागही येत होता. स्वतःच्या बायकोची झाडं समोर असताना माणूस बाटलीकडे काय बघत बसतो? चौथ्या दिवशी बाजार होता. काकू पिशवी घेऊन गेल्या, परत आल्या आणि माझ्या खोलीत येऊन त्यांनी पिशवीतून नव्या खोबरेल तेलाचा डबा आणि पदराखालून ती हिरवी बाटली काढली. म्हणाल्या, तू विज्ञानाची ना, मग नीट धुऊन दे. काकाजी न्हाणीत होते तेवढ्या वेळात मी गरम पाण्यानं आणि सोड्यानं बाटली तीनदा विसळली, चुलीवर धरून वाळवली आणि शुद्ध तेलानं भरली. माझ्या नोकरीतला पूर्ण यशस्वी झालेला हा एकच प्रयोग.

दुसऱ्या दिवशी साडेआठला काकाजींनी बाटली उलटी केली. तेल हललं नाही. त्यांनी ती सरळ केली, पुन्हा उलटी केली, बुडावर टिचकी मारली. मग काकूंना हाक मारली, मला हाक मारली, छपरीतल्या सगळ्यांना आत बोलावलं. खरं म्हणजे त्या दिवशी आभाळ आलं होतं आणि आदल्या आठवड्यापेक्षा गारठा जरा कमीच होता. पण काकाजींनी भिंतीवर तारीख घातली, पेटी उघडली, दोन्ही स्वेटर आणि माकडटोपी चढवली आणि बातमी घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागले. एका रात्रीत पडली, अशी थंडी आपण आयुष्यात पाहिली नाही, असं ते भेटेल त्याला सांगत होते. दुपारपर्यंत सगळ्या बागांचं पाणी तुटलं. काकू तोवर बोरगावला पोचल्या होत्या. गड्याला बाजूला करून त्यांनी विहिरीवरचं इंजन स्वतःच्या हातानं बंद केलं.

फेब्रुवारीत बाग फुलली. उशिरानं, पण फुलली. आम्ही तिघं दुपारच्या बसनं गेलो, कारण साडेआठच्या आधी काकाजींना घर सोडता येत नव्हतं. बस बोरगावच्या वळणावर आली तेव्हाच वास आला. काकू झाडांमधून चालल्या, प्रत्येक झाडाला हात लावत, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही. भावजय बांधावर येऊन उभी राहिली, पण काकूंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काकाजी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "पाह्य, थंडीनं काय केलं."

"हो," काकू म्हणाल्या. "थंडीनंच केलं."

त्यानंतर मात्र काकूंनी सौंसरचा हिवाळा आपल्या हाती घेतला. दिवाळीला बाटलीत तिळाचं तेल पडे आणि डिसेंबर लागला, बागेला ताण द्यायची वेळ आली, की एका बाजाराच्या दिवशी बाटली धुऊन निघे. तीन वर्षं थंडी त्याच आठवड्यात, जणू मस्टरवर सही करायला पडली. काकाजींनी सिद्धांत दुरुस्त केला. मौसम लाइनीवर आला, म्हणाले. आता पुढची पंचवीस वर्षं चिंता नाही. बागवाल्यांनाही ते पटलं, कारण बहार चांगले येत होते. जगात कारभार असाच चालत असावा असं मला कधी कधी वाटतं. निकाल सांगणारा छपरीत आणि बाटली भरणारी आत.

पाच वर्षांनी माझी बदली पांढुर्ण्याला झाली. पुढच्याच श्रावणात काकू गेल्या. चार दिवसांचा ताप, एवढंच निमित्त. कळलं तेव्हा उशीर झाला होता. दिवाळी झाल्यावर मी सौंसरला गेले.

हल्ली पेपरात वाचते की हिवाळे आखूड होत चालले आहेत, ऋतू मागेपुढे सरकत आहेत, पूर्वीची थंडी राहिली नाही. वाचताना हसू येतं. काकाजींनी हे केव्हाच सांगितलं होतं. त्यांचा पुरावा तेवढा तिळाचा होता. त्या दिवशी गेले तेव्हा हे काही डोक्यात नव्हतं. काकाजी छपरीत एकटेच बसले होते. अंगात दोन्ही स्वेटर, डोक्यावर माकडटोपी. बाहेर रस्त्यावर लोक सदऱ्यावर फिरत होते.

त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि कोनाड्यातली बाटली दाखवली. बाजारातून तेल आता ते स्वतःच आणत होते. बाटलीतलं तेल घट्ट, काचेला चिकटून बसलेलं. त्यांनी ती उलटी धरली. भिंतीवर नवी तारीख होती, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसाची. इतक्या वर्षांत एवढ्या लवकरची तारीख त्या भिंतीवर पहिल्या ओळीनंतर कधीच आली नव्हती.

"पाह्यलं का, मॅडम? लय लवकर पडली यंदा. बाहेर कोनाले पटत नाही." मग बाटली दोन्ही हातांत धरून त्यांनी विचारलं, "तुमचं विज्ञान काय म्हनते? असं कायले झालं असन?"

मी भिंतीकडे बघितलं. खरं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते सांगायची भीती वाटत होती. मग लक्षात आलं की खरं उत्तर सांगायला काहीच हरकत नाही.

मी म्हटलं, "काकू नाहीत ना घरात, म्हणून."

काकाजींनी बाटली पुन्हा एकदा उलटी करून पाहिली. मग मान हलवली, बाटली जागेवर ठेवली आणि कानामागची पेन्सिल काढली. आजवर कोरा राहिलेल्या शेऱ्याच्या रकान्यात, त्या तारखेपुढे, त्यांनी कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: घरवाली गैरहजर.